अल अहसाच्या कालव्यात अब्बांचा डवला

शाळेला जाताना आम्ही दोघी बहिणी अब्बांच्या होडीतून खाडी ओलांडायचो. त्या होडीचा नियम एकच: जो शेवटी चढेल त्यानं तळात झिरपलेलं पाणी उपसायचं. त्यासाठी फणसाच्या लाकडातून कोरलेला एक डवला होता. रुकय्याआपा रोज धक्क्यावर वाकून सँडलचा पट्टा लावत बसायची, आणि रोज शेवटी चढायची. मी पुढच्या फळीवर मांडीवर दप्तर घेऊन शाळेतल्या सिस्टरनी दिलेली स्पेलिंग घोकत असायचे.

अब्बा गेले तेव्हा तो डवला मी इकडे सौदीत, दम्मामला आणला. तेव्हापासून आपा फोनवर मागते आहे. "पाणी मी उपसलं, डवला माझा." माझं उत्तर ठरलेलं: "उशिरा यायचीस म्हणून उपसलंस!" आता ह्यांची हॉस्पिटलची नोकरी संपली, पुढच्या महिन्यात आम्ही कायमचे गावी परतणार. तिथं समोरासमोर भांडण नको, म्हणून अल अहसाकडच्या एका नव्या जलमार्ग संग्रहालयाला डवला देऊन टाकायचं मी ठरवलं. माझ्या मुलीनं, नाझियानं, गाडी काढली.

दम्मामहून दोन तास. रस्ता इतका गुळगुळीत की बघण्यासारखं काही नाही, ही त्याची तारीफ समजा. शुक्रवारी सकाळी जाऊ नका, सगळं बंद असतं. संग्रहालयापर्यंत खजुराच्या बागेतून कालव्यानं "निवांत नौकाविहार" आहे. निवांत खराच! चालत पाच मिनिटांत पोचता येतं, होडीनं अर्धा तास लागतो. पाणी गुडघाभर, तरी लाइफ जॅकेट सक्तीचं. होडीला प्लास्टिकची फुलं, आणि स्पीकरमधून समुद्रपक्ष्यांचे आवाज. वाळवंटात! माझ्या शेजारच्या खऱ्या चिमणीनं ते ऐकलं आणि उडून गेली.

होडीवाला याकूब, आपल्याच कोकणातला, दाभोळकडचा निघाला. वल्हं नाहीच, त्याच्यापुढं दोन बटणं.
"ह्यात तू काय करतोस रे?" मी विचारलं.
"हिरवं दाबायचं, चाची. मग तांबडं. बापूस बघील तर पाण्यात ढकलील मला."

संग्रहालयात पाणी सोडून सगळं आहे. भिंतभर पडद्यावर धबधबा, खाली पाटी: हात लावू नये. आणि एका काचेत, मखमलीवर, हुबेहूब अब्बांसारखा डवला! खाली लिहिलेलं: धान्य मोजण्याचं माप. मी पिशवीतून आमचा काढला आणि तिथल्या बाईंना इंग्रजीत समजावलं, ह्यानं होडीतलं पाणी उपसतात, ही बघा झिजलेली कड. त्या गोड हसल्या. म्हणाल्या, "मॅडम, तज्ज्ञांनी लिहिलंय. तुमचाही इथंच ठेवू, माप नंबर दोन."
"मम्मी, इट्स जस्ट अ स्पून, दे दो ना," नाझिया पुटपुटली.
मी डवला पिशवीत परत घातला. आपाशी भांडण परवडलं.

परतताना होडी शोभेच्या कारंज्याखालून जाते. आत घोटाभर पाणी साचलं होतं आणि पंप बंद. गुडघ्यांमुळे मी सर्वांत शेवटी चढले. याकूबनं पिशवीतून डोकावणारी डवल्याची मूठ पाहिली आणि हसला. "चाची, शेवटी चढला त्यानं उपसायचा. ठाव हाय ना?"

मी वाकले. दहाबारा डवले काढले आणि छातीत शिट्टी वाजू लागली, तीच, लहानपणीच्या दम्याची. डवला हातात धरून मी तशीच बसले. आपाच्या सँडलला बक्कल होतं. एकदा अडकवलं की खलास. रोज धक्क्यावर, मी होडीत चढून बसेपर्यंत, ती काय लावत होती?
उरलेलं पाणी याकूबनं काढलं. "चाची रडते कशाला? बुडत नाय आपण."

जेवण मात्र तिकडेच जेवा, हसावी तांदळाचं. लाल, जाड, आपल्याकडच्या उकड्या भातासारखा वास. त्या सबंध सहलीत तेवढंच खरं होतं.

घरी आता खोकी भरतेय. नाझिया, वाच आणि तसंच कर. फ्रिज वरच्या मजल्यावरच्या केरळच्या नर्सला. शिवणयंत्र तुला, वापरणार असशील तर. माझी शाळेची बक्षिसाची पुस्तकं गावच्या शाळेला. डवला आपाला, पार्सलनं नाही, मी माझ्या हातानं देणार. आणि ती उशिरा यायची असं ह्या घरात पुन्हा कुणी म्हणायचं नाही. मीसुद्धा.