आजीचा भोंगा

आमची म्हैस कारखान्याच्या भोंग्यावर दूध द्यायची, असं मी सांगितलं की लोक माझ्या वयाकडे बघून नुसती मान डोलावतात. डोलवा बापड्यांनो! माझी लेक त्या दुधावर जगलीय, तुमची नाही.

पिंपरीच्या माळावर नवा कारखाना आला आणि माझा नवरा तिथं चिकटला. सकाळचा भोंगा आणि सासूबाईंची धार काढायची वेळ एकच. रेडकू दगावल्यावर म्हैस दूध चोरायला लागली होती. पण भोंगा झाला की तिला आपोआप पान्हा फुटायचा. घरात घड्याळ नव्हतं, त्यामुळे कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी गेले, देहूच्या पलीकडे. मुलगी झाली आणि मला दूधच येईना. वैशाखाचं ऊन, गावातली जनावरं आटलेली. पिंपरीला निरोप गेला. सासूबाईंनी म्हैस पाठवली, स्वतः आल्या नाहीत. कारण आदल्या वर्षी माघात, आमच्या लग्नात, विहिणीचे पाय धुताना माझ्या आईनं गार पाणी घातलं होतं. ते मुद्दाम घातलं, असं सासूबाईंचं म्हणणं. गडबडीत झालं, असं आईचं. त्यांनी भर मांडवात सांगितलं होतं की ह्या घरात पुन्हा पाय ठेवणार न्हाई.

नवऱ्यानं एका हातात सायकल, एका हातात दावं धरून म्हैस चालवत आणली. धारेला बसलो तर थेंब नाही. इथं भोंगा कुठला!

माझे वडील शाळामास्तर. ते गोठ्यात उभं राहून म्हशीला ऐकू जाईल अशा आवाजात शिकवायला लागले. उंटाचे पाय वाळूत रुतत नाहीत, निवडुंगानं पानांचे काटे करून घेतले. जो जीव परिस्थितीशी जुळवून घेतो तो टिकतो. हीही घेईल, फक्त वेळ द्यायला हवा.

"तिला वेळ द्या. माझ्या नातीकडं कुठाय वेळ?" आई म्हणाली.

मग देवळातला शंख आणून फुंकला. कुणी रबरी भोपू वाजवला. वडिलांनी स्वतः तोंडानं आवाज काढला, तेव्हा शेजारी धावत आले. त्यांना वाटलं, घरात कुणी गेलं. म्हैस रवंथ करत राहिली. साखरपाण्याचं बोट चोखणाऱ्या माझ्या पोरीचं रडणं बारीक होत चाललं होतं आणि मला त्या म्हशीचा गळा आवळावासा वाटत होता. नवरा सायकलवर बसला आणि पिंपरीला गेला.

सासूबाई त्याच्या कॅरिअरवर बसून आल्या, कासोटा आवरत. घराकडं बघितलंसुद्धा नाही, तडक गोठ्यात. पदर खोचला, तोंडाशी हात धरले आणि भोंगा वाजवला. खालून सुरू होऊन वर चढत जाणारा, शेवटी घरघरणारा, अगदी हुबेहूब. बाजेवर आडवा झालेला माझा नवरा ताडकन उठला, डबा न घेता सायकलवर बसला आणि शिफ्टला निघाला. ओढ्यापाशी गेल्यावर त्याला कळलं.

म्हशीनं पान्हा सोडला. पोरीच्या तोंडात बोंडल्यानं दूध गेलं आणि मी मोठ्यानं रडले.

आई तोवर तांब्या घेऊन गोठ्याच्या दाराशी आली होती. वाफाळतं पाणी.

"वैशाखात ऊन पाणी?" सासूबाई म्हणाल्या, आणि पाय पुढं केले. पोळले असणार, पण मागं घेतले नाहीत. महिनाभर तिथंच राहिल्या.

पिंपरीला परतलो. सकाळी खरा भोंगा झाला तर म्हैस ढिम्म. ती सासूबाईंकडं बघत राहिली. वडील म्हणाले तसं तिनं खरंच जुळवून घेतलं होतं. मग काय, रोज आधी कारखाना वाजायचा, मागून आमच्या सासूबाई. म्हैस आटली, विकली, तरी त्यांचं वाजणं थांबलं नाही. आता नातीला उठवायला. गल्लीतली माणसंही त्यांच्या भोंग्यावरच उठायची.

सासूबाई गेल्या तेव्हा लेक शाळेत जायला लागली होती. दुसऱ्या दिवशी कारखान्याचा भोंगा झाला. ती अंथरुणात डोळे मिटून पडलेली. मी हलवलं, तर म्हणाली,

"थांब ना. अजून आजी कुठं वाजली?"