अव्वांनी मंचावर यावं

आमच्या शिवप्पाअण्णाला बोलायची अक्कल देवानं दिलीच न्हाय. मी त्याची धाकटी भन माया, माज्यापरीस त्याला कोण वळखणार? अक्कलकोटाखालच्या आमच्या गावात कडुनिंब-बोरींचं येक बारकं बन हाय. आत अव्वाचा, म्हंजी आमच्या देवीआईचा, शेंदरी दगड. बनातली वाळकी काडी घरी न्यायची न्हाय, आन् 'बन मी राखतो' असं तोंडातनं काढायचं न्हाय, ही आमच्या बापाची शिकवण. राखती ती अव्वा. आपण निस्तं पाणी घालायचं.

अण्णानं जलमभर त्येच केलं. उन्हाळ्यात रोज हिरीवरनं घागर आणून अव्वाफुडची दगडी डोण भरायची. मोर, ससे तितंच पाणी पित्यात. डोण भरल्याबिगर त्याच्या घशाखाली घास उतरत न्हाय.

मग सरकारनं बन राखीव करायचं ठरवलं. आमाला आनंदच झाला. बार्शीकडचे साहेब आले, अण्णालाच इचारलं, "हे बन इतकी वर्षं कोणी राखलं?"

"अव्वानं."

"म्हणजे तुमच्या आईनं?"

"समद्यांच्याच."

अव्वा म्हंजी देवी, हे साहेबाला कुटं ठावं? साऱ्या गावाची आई झालेली कुणी म्हातारी हाय असं समजून त्यो भारावला. मी अण्णाला कोपरानं ढोसलं, सांग की नीट. त्यो डोण भराया निघून गेला.

उद्घाटनाला मांडव पडला. माइकवर पुकारा झाला, "ज्यांनी हे वन जपलं, त्या आदरणीय अव्वांनी मंचावर यावं." साडी-नारळ घेऊन साहेब हुबा. आता कोण उठणार, दगुड? सारं गाव खो खो हसलं. साहेबाचं तोंड एवढंसं झालं. त्याला वाटलं, गावानं मुद्दाम थट्टा केली. अण्णाकडं त्यानं परत बघितलं न्हाय.

मग तार आली, फाटक आलं, कुलूप आलं. राखणदार म्हणून टेंभुर्णीकडचा गुरु आला. माणूस वंगाळ न्हाय, पर किल्ली तालुक्याच्या हापिसात आन् ह्याच्याकडं निस्ती शिट्टी. आत पाण्याचा टँकर येणार म्हणं. निम्मा उन्हाळा सरला, टँकराचा पत्ता न्हाय. अव्वाची डोण कोरडी ठणठणीत, तारंतनं दिसती. अण्णाचं जेवण तुटलं.

परवा गुरुलाच कीव आली. त्यानं साहेबाला फोन लावला. "काका, एवढंच म्हणा, इतकी वर्षं बन मीच राखलं. साहेब आत जायचा पास द्यायला तयार हायत." फोन अण्णाच्या कानाला लावला. माझा जीव टांगणीला.

अण्णाचे ओठ हलले. "साहेब, राखती ती अव्वाच. मी पाण्यापुरता."

फोन कट झाला. परत थट्टाच वाटली आसंल त्या माणसाला.

मी लई शिव्या घातल्या, रडूबी आलं. "खोटं बोलायचं हुतं व्हय रं? खरंच सांगायचं हुतं की."

"तोंडच उघडंना गं, माया," अण्णा म्हणाला.

त्यानं घागर उचलली आन् तारंबुडी वतली. उतार आतल्या अंगाला हाय. पाणी वीतभर आत गेलं आन् जिरलं. त्यो दुसरी घागर आणायला हिरीकडं निघाला.