आकडा सोडा, साहेब!

किस्से म्हणजे आमच्या खात्यातल्या बाटल्या. एक ट्रे धुऊन पालथा घालावा, तर मागे दुसरा भरून उभाच! मी कुणाला मुद्दाम सांगायला बसत नाही. पण परवा हिंजवडीला नोकरी करणारा भावाचा नातू जेवताना म्हणाला, “आजी, या पॅकेजमध्ये माणूस सुखाने जगूच शकत नाही गं.” झालं! माझा नळ सुटला. त्याचं ताट वाळलं, पण मी काही थांबले नाही. आता लिहायला बसलेय, तर तुम्हीही ऐका.

पन्नास-पंचावन्नच्या सुमाराची गोष्ट. पिंपरीच्या माळावर औषधाचा नवा कारखाना उभा राहिला होता. बाटल्या धुण्याच्या खात्यात आम्ही दहा-अकरा जणी, सगळ्या आसपासच्या गावांतल्या. नवऱ्याने टाकलेली मी, भावाच्या घरी राहत होते. भाऊ चांगला होता, वहिनीही वाईट नव्हती. पण दुसऱ्याच्या घरी भाकरी मोडताना आवाज फार होतो! म्हणून मला ही नोकरी हवी होती, आणि तीही कायमची. शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही. अक्षरं शिकले ती कारखान्याच्या भिंतीवर. माझं पहिलं वाचन ‘येथे थुंकू नये’! वर्षभरात मी खात्याची मुकादम झाले, ती काही कुणाच्या मेहेरबानीने नाही.

*

आमच्यात चंद्री म्हणून एक पोरगी होती. नवी नवरी, कामाला वीज! दोन महिने एक दिवस खाडा नाही. साहेब म्हणजे आमचे साठे, पुण्याचे, रोज आगगाडीने यायचे. ते सगळ्यांना सांगत, “चंद्राबाईंचा आदर्श ठेवा!”

आणि एका सोमवारी चंद्री गायब. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. साहेबांनी शिपायाला सायकलवर गावात पाठवलं. बघतो तर बाई ओट्यावर बसून शेंगा फोडतेय!

“काय गं, आजारी हायस?”

“न्हाई की.”

“घरात कुणी गेलं?”

“गप रे! सकाळच्या पारी काय बोलतोस!”

“मग कामाला का न्हाई आलीस?”

चंद्रीने पाय पुढे केले. दोन्ही पायांत नवी चांदीची जोडवी. “ही झाली की!”

शिपायाने तेच येऊन साहेबांना सांगितलं. साहेबांनी विचारलं, “जोडवी झाली म्हणजे काय झालं?”

आता हे पुण्याच्या माणसाला कोण समजावणार!

*

साहेब हुशार, पण पुस्तकातले. त्यांनी वरच्यांशी भांडून आमचा रोज सव्वा रुपयाचा दीड रुपया करून आणला. सगळ्यांना उभं करून भाषण दिलं, “आता तरी नियमित या. जितकं याल तितकं जास्त मिळेल!”

आम्ही टाळ्या वाजवल्या. साहेबांना फार बरं वाटलं.

पुढच्या आठवड्यात सहाव्या दिवशी खात्यात कोण? मी, भिंत आणि भिंतीवरचं ‘थुंकू नये’!

सोमवारी साहेब लालबुंद. “अहो, पगार वाढवला ना तुमचा?”

मोशीची येसूआत्या आमच्यात सगळ्यांत वडील. तिला पुढे ढकललं. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मनापासून म्हणाली, “व्हय साहेब, देव तुमचं भलं करो! पयले चाकणच्या बाजाराला साडेसात रुपये जमवायला सहा दिस खपावं लागायचं. आता पाच दिसांत भागतंय. एक दिस घरचं बघायला गावला बगा!”

साहेब खुर्चीत बसले. मला हळूच म्हणाले, “मुकादमबाई, अजून वाढवला असता तर?”

म्हटलं, “तर आम्ही बुधवारीच घरी गेलो असतो.”

*

मग साहेबांनी दुसरी युक्ती काढली. म्हणे, यांच्या गरजाच कमी आहेत. गरजा वाढवल्या पाहिजेत! जेवणाच्या सुट्टीत येऊन सांगायचे, “बायांनो, घरात काहीतरी घ्या. स्टो घ्या. घड्याळ घ्या. घड्याळ असलं की वेळेवर येता येतं.”

सरूबाई निघोज्याची, कारखान्याजवळ बहिणीकडे राहायची. तिने खरंच घेतलं, गजराचं घड्याळ! साहेबांनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं. दुसऱ्या आठवड्यापासून सरूबाई बेपत्ता.

आली ती चांगली पंधरा दिवसांनी, उन्हाने काळवंडून.

“घड्याळ असून ही तऱ्हा?” साहेब ओरडले.

“घड्याळानं तर केलं समदं! गावाकडं ज्वारी हुरड्यात आली. पाखरांनी नुसता उच्छाद मांडला हुता. शेतातल्या माळ्यावर घड्याळ बांधलं. गजर झाला की थवाच्या थवा उठतोय! पर किल्ली द्यायला माणूस लागतंय ना? म्हून ऱ्हायले.” आणि वर म्हणते, “साहेब, लई कामाची वस्तू सांगितलीत!”

त्या दिवशी साहेबांनी डबा उघडलाच नाही.

*

इथवर हसलात ना? आम्हीही हसत होतो. पण एका शुक्रवारी साहेबांनी मला एकटीला बोलावलं.

“मुकादमबाई, माझ्या हातात आता काही राहिलेलं नाही. पुण्याचा एक ठेकेदार त्याची माणसं आणून हे खातं चालवायला तयार आहे. वरचे म्हणतात, तीन महिने बघू. रोज सगळ्या बायका आल्या, तर सगळ्यांना कायम करू, महिन्याचा पगार. नाहीतर ठेकेदार.”

“आणि मी? माझा तर एक खाडा नाही!”

“खातं गेलं की मुकादम कुणाची?”

मी बाहेर आले.  डोळ्यांपुढे भावाचं स्वयंपाकघर आलं, आणि माझ्या भाकरीचा तो आवाज.

दुपारी साहेबांनी सगळ्यांना गोळा केलं. बिचाऱ्यांनी अगदी हात जोडले. “एकदाच खरं सांगा. किती पैसे दिले म्हणजे तुम्ही रोज याल? आकडा सांगा!”

 पैंजणांसाठी पुन्हा कामावर आलेल्या चंद्रीला हसू फुटलं. सरूबाई म्हणाली, “आता आकडा कसा सांगायचा? लागंल तेवढं!”

“पण लागतं किती?”

“ते लागल्यावर कळतंय की!”

साहेब मटकन खाली बसायचे बाकी राहिले. माझं मात्र लक्ष दुसरीकडे होतं. बाटल्या धुतलेलं कढत पाणी मोरीतून वाफा काढत बाहेर जायचं. येसूआत्या त्या मोरीपाशी वाकून उभी होती. बोटं पाण्यात बुडवलेली, डोळे मिटलेले. रोज सुटताना ती असंच करायची. आम्हाला वाटायचं, हात धुतेय.

आता बाईच्या आंघोळीचं काय असतं, ते बाईलाच ठाऊक. बंबातलं पहिलं पाणी सासऱ्याचं, मग नवऱ्याचं, मग पोरांचं. बाईची पाळी येईपर्यंत जळण संपलेलं आणि बंब गार! वरून बाहेरून हाका, “आटप की गं!”

मी पुढे झाले. “आकडा सोडा, साहेब! गरम पाण्याचा नळ द्या.”

“काय?”

“चार पत्रे ठोका, खाली फरशी घाला. आत नळ आणि दाराला आतून कडी. कामावर चढण्याआधी आमची आंघोळ इथं. शनिवारी अर्धा दिवस असतो, तेव्हा सुटल्यावर डोक्यावरून न्हाणं.”

साहेबांचे कान लाल झाले. “अहो, पण हे मी वर लिहू कसं?”

“औषधाच्या बाटल्या धुणाऱ्या बायका स्वच्छ नकोत का? तसं लिहा!”

येसूआत्याने मोरीतून हात काढला. तिने फक्त एवढंच विचारलं, “कडी खरंच आतून?”

*

न्हाणीघर झालं. आणि पहिल्या सोमवारी भोंगा व्हायच्या कितीतरी आधी सगळ्या फाटकावर! चंद्री सगळ्यांत पुढे, बगलेत कोरडं लुगडं. खाडा कसला नि काय! चाकणचा बाजार नवऱ्यांवर सोपवला. ज्वारीची राखण घड्याळावर सोडली, किल्लीला दीर बसवला!

पुढे एका रविवारी पहारेकरी घाबराघुबरा धावत साहेबांच्या बिऱ्हाडी गेला. तोवर साहेबांनी पिंपरीतच खोली घेतली होती. “साहेब, फाटकावर मोर्चा!”

साहेब धोतर सावरत आले. बघतात तर आमच्या सगळ्या जणी. सोबत सासवा, जावा, नणंदा, कुणाची तरी म्हातारी आईसुद्धा.

“आज सुट्टी आहे!”

“म्हून तर आलो. कामाची घाई न्हाई.”

“आणि या बायका कोण? नवीन भरती?”

“न्हाई साहेब,” चंद्री म्हणाली, “ही माझी सासू. कामाला न्हाई, आंगुळीला!”

साहेबांनी आकाशाकडे बघितलं, पहारेकऱ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “उघड बाबा!”

*

तीन महिने झाले. ठेकेदार एकदा येऊन, खातं बघून, चहा पिऊन गेला तो गेलाच. आम्ही कायम झालो. मी भावाच्या घरामागेच एक खोली भाड्याने घेतली, आणि पहिल्या दिवशी भाकरी मुद्दाम मोठ्याने मोडली!

महिन्याचा पहिला पगार झाला तो शनिवारी. खिडकीपाशी ही झुंबड! इतके पैसे एकदम आमच्यातल्या कुणीच हातात धरलेले नव्हते. सरूबाईने तिथेच पदराला गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. कॅशियर नाव पुकारत होता आणि एकेक बाई अंगठा उठवत होती.

“येसूबाई!”

त्याने मान खिडकीबाहेर काढली.

“येसूबाई मोशीकर! कुठं गेल्या?”

आम्ही शोधत मागे गेलो. न्हाणीघराच्या भिंतीला टेकून येसूआत्या उन्हात बसली होती. पाय लांब पसरलेले. पांढरे केस मोकळे सोडून खांद्यावर पसरलेले, त्यांतून अजून वाफ निघत होती. शिकेकाईचा वास सगळीकडे.

कॅशियरच शेवटी पाकीट आणि शाईचं पॅड घेऊन आला. घामाने डबडबलेला, करवादलेला. “अहो आजी, पगार! घ्यायचाय की नाही? मला खिडकी बंद करायचीय!”

येसूआत्याने डोळे उघडले नाहीत.

“ठेव बाबा तितं,” ती म्हणाली, “आदी क्यास वाळू दे.”