बकरीच्या मापानं छाटलेला लिंब

तुमच्या दारातलं मोठं झाड कुणी एका दिवसात छाटून नुसतं खोड उभं ठेवलं, तर तुम्ही आधी काय पाहाल? झाड, की फांद्या कुणाच्या घरी गेल्या ते? खरं सांगा! आमच्या गावानं आधी फांद्या पाहिल्या.

मी कुरुंद्याच्या बाजूच्या एका खेड्यात अंगणवाडी सेविका आहे. आमच्या अंगणात जुना लिंब, म्हणजे कडुलिंब, आहे. इतक्या वर्षांच्या नोकरीत जमले नसतील एवढे किस्से त्याच्या छाटणीनंतरच्या दोन महिन्यांत जमले. फांद्या लोकांनी उचलून नेल्या, किस्से मात्र माझ्याच अंगणात पडून राहिले!

*

सुरुवात अशी झाली. वाऱ्यानं एक फांदी मोडली ती थेट अंगणवाडीच्या पत्र्यावर. लेकरं घरी गेली होती म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी आमच्या पर्यवेक्षिका मॅडम आल्या, वर पाहिलं आणि म्हणाल्या, "झाड तोडा, नाहीतर अंगणवाडी रस्त्यापलीकडच्या सभागृहात हलवा."

त्या रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या पळतात. तिकडं अंगण नाही, सावली नाही. मी म्हणाले, "मॅडम, तोडू नका. छाटून घेते. या उन्हाळ्यात सावली नसेल, पण झाड परत फुटेल."

"आणि नाही फुटलं तर?"

मी घाईत बोलून गेले, "एप्रिल संपेपर्यंत नाही फुटलं तर बुडापासून तोडा. मी ब्रसुद्धा काढणार नाही."

मॅडमनी ते कागदावर लिहून घेतलं आणि खाली माझी सही घेतली. त्यांचा कुणावरच विश्वास नाही. हजेरी घेतानासुद्धा एकेका लेकराच्या डोक्याला हात लावून मोजतात!

*

छाटायला तांड्यावरचे सोनाजीकाका आले. त्यांच्या घरात बापजाद्यांपासून बांधावरचे लिंब असेच राखतात. काकांनी कुऱ्हाड आणली, दोर आणला आणि शेजारच्या रुक्मिणमावशींकडं त्यांची बकरी मागितली.

या मावशी आमच्या भिंतीला लागूनच राहतात. शिजवलेली हळद अंगणात वाळत घालतात, तिच्यात लिंबाचा पाला पडतो. त्यामुळं झाड तोडा, हे त्यांचं दरवर्षीचं म्हणणं.

"बकरी काहून पायजे?" मावशींनी डोळे बारीक केले. "कापून खातो काय?"

काकांनी बकरीला झाडाखाली नेलं आणि एक हिरवी डहाळी खोडाजवळ उंच धरली. बकरी पुढचे दोन पाय खोडाला लावून उभी राहिली, मान ताणली. तिचं तोंड जिथवर पुरलं तिथं काकांनी कोळशाची रेघ ओढली, आणि रेघेच्या हातभर वर कुऱ्हाड चालवली.

"माणसाच्या मापानं काप की रं!" मावशी ओरडल्या.

"माणूस पाला खात न्हाई, अक्का!"

संध्याकाळपर्यंत खोडावर तीन जाड फांद्यांचे बुंधे तेवढे राहिले. काका मला म्हणाले, "आता दर तीन सालाला हितंच छाटायचं ताई. हितं गाठी धरतील. गाठीखाली कुऱ्हाड न्यायची न्हाई. असं राखलं तर झाड तुमच्या नातवायलाबी पुरंल."

"पण फुटेल कधी?"

"बकरीला इचारा!" म्हणाले आणि निघून गेले.

*

फांद्या तासाभरात साफ झाल्या. सर्वांत जाड फांदी कुणी नेली ते कळेना, म्हणून ती माझ्या घरी गेली असं ठरलं. सकाळी पाण्याच्या टाकीपाशी मी चार बायांसमोर ठणकावून सांगितलं, "या झाडाची काडीसुद्धा माझ्या घरी गेली असेल तर दाखवून द्या!"

त्या चौघी दाखवून द्यायला माझ्यासोबत घरीच आल्या. आमचे हे ओट्यावर बसून दात घासत होते. शेजारी सुतळीनं बांधलेली लिंबाच्या काड्यांची ही एवढी जुडी!

"हे काय हो?" मी विचारलं.

तोंडातला फेस थुंकून हे म्हणाले, "काडी कुठंय ही? दातण हाय दातण!"

*

मग कुणीतरी गावाच्या ग्रुपवर फोटो टाकला. "अंगणवाडीत वृक्षतोड!" आठ दिवसांत एक साहेब चौकशीला आले.

"झाड कुठे आहे?"

"हे काय, साहेब."

"हे खोड आहे."

"छाटलंय, साहेब. जिवंत आहे."

साहेबांनी नखानं साल खरवडली. आत हिरवं दिसलं. "झाड सध्या जिवंत दिसते," असं लिहून ते गेले. त्या 'सध्या'नं माझी झोप उडाली.

त्यांचं पाहून सारं गाव शिकलं. जो तो येता-जाता साल खरवडून बघायचा. बघून झालं की माझ्याकडं बघायचा. मी लेकरांना दटावायचे, "झाडाला नख लावू नका!" आणि संध्याकाळी कुलूप घालताना, कुणी बघत नाही ना हे पाहून, मीच थोडं खरवडायचे. महिन्याभरात खोडाला हात पुरेल तिथं गोल पट्टाच पडला.

सोनाजीकाका एकदा सहज आले, तो पट्टा पाहिला आणि कपाळाला हात लावला. "ताई, झाड माझ्या कुऱ्हाडीनं मरत न्हाई. तुमच्या नखायनं मरंल!"

*

आमच्या अंगणवाडीत परी नावाची चार वर्षांची मुलगी आहे. तिच्या गल्लीत नुकतीच एक आजी वारली होती. प्रार्थना चालू असताना ती एकटीच डोळे उघडे ठेवून लिंबाकडं बघत होती.

प्रार्थना झाल्यावर माझा पदर ओढून हळूच म्हणाली, "बाई, झाडाच्या घरचं कोण वारलं?"

"कुणी नाही गं."

"मंग टक्कल काहून केलं?"

*

एप्रिल संपत आला. कोंबाचा पत्ता नाही. छाटलेल्या बुंध्यांचा वरचा भाग खालून दिसत नव्हता, आणि शिडी लावून वर बघायची माझी हिंमत होत नव्हती. काही नसलं तर?

त्यातच मला एक गोष्ट दिसली. संध्याकाळी रुक्मिणमावशी पदराखाली बादली झाकून येतात, इकडं तिकडं बघतात, लिंबाच्या बुडाशी ओततात आणि घाईनं जातात. मावशींच्या घरी हळद शिजत होती. उकळतं पाणी तर ओतत नाहीत?

बुडाची माती उचलून मी वास घेतला. कळेना. चिमूटभर जिभेवर ठेवली. तेवढं परीनं पाहिलं. दुसऱ्या दिवशी माझी सात लेकरं ओळीनं बसून माती चाखत होती! त्यांच्या आयांना काय सांगितलं ते विचारू नका.

मुदत संपली म्हणून मॅडम येणार होत्या, त्याच्या आदल्या संध्याकाळी मी भिंतीआड थांबले आणि मावशींना बादलीसकट धरलं.

"मावशी, काय आहे यात?"

"तुला काय करायचंय?"

"माझी सही आहे त्या कागदावर! उद्या झाड जाईल माझं!"

"मंग पेऊन बघ!" मावशींनी बादली पुढं केली.

मी खरंच ओंजळ भरून प्याले. साधं पाणी होतं. थंडगार, माठातलं.

"झाडाला माठातलं पाणी?"

"ऊन किती हाय," मावशी म्हणाल्या आणि उरलेलं बुडाशी ओतलं. जाता जाता मागं वळून म्हणाल्या, "आन् उद्या म्याडमला सांगणार हाय मी, तोडाच म्हणून. लई पाला पडून राहिला माझ्या हळदीत."

त्या बोडक्या झाडाचा कोणता पाला, हे मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम करवतवाल्याला घेऊन आल्या, तेव्हा मावशींची बकरी दावं तोडून लिंबाच्या खोडाला दोन पाय लावून उभी होती. काकांनी हिरवी डहाळी धरली होती तेव्हासारखीच मान ताणून वरच बघत होती, आणि तिचं तोंड छाटलेल्या जागेच्या हातभर खाली राहत होतं.