पाहुण्याची वर्दी

गारखेड्यात फारूखचाचांच्या घरातली वरची खोली भाड्यानं जाते, पण तिच्यात राहणाऱ्याला कुणी भाडेकरू म्हटलेलं चाचांना खपत नाही. तो पाहुणा. मग पाहुण्याकडून दर महिन्याला पैसे कसे घेता, असं राहतचाचींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, एकदा विचारलं होतं. "वो अलग बात है," म्हणून चाचा मोकळे झाले. सारी उमर एसटीच्या वर्कशॉपात गेलेली. वाद घालायचा तो इंजिनाशी, बायकोशी नाही.

इद्रीस सुदानहून इथं पीएचडी करायला आलेला. गेल्या वर्षी वसतिगृह सोडून तो चाचांकडं राहायला आला, तेव्हा त्यानं आपणहून सांगितलं होतं की परदेशी माणूस घरी ठेवला की घरमालकानं पोलिसांच्या परदेशी नागरिक कक्षाला लगेच कळवायचं असतं. ते ऐकूनच चाचांना कसंसं झालं. घरी आलेल्या पाहुण्याची पोलिसांत वर्दी द्यायची? "सीधा रहता ना तू? फिर नक्को," असं म्हणून त्यांनी खिचडी आणि चिंचेच्या आंबट खट्ट्याचं ताट त्याच्यापुढं सरकवलं.

त्या मायेनंच पोराचा घात केला. व्हिसा वाढवायचा अर्ज घरमालकाच्या नोंदीवाचून अडकला, मुदत उलटली, आणि ती उलटताच बँकेनं खातं गोठवलं. भावानं जेद्दाहून पाठवलेले पैसे खात्यात दिसत होते, निघत मात्र नव्हते. इद्रीस कुणाला काही बोलला नाही. तो जेवण टाळतोय हे चाचींच्या ध्यानात आलं आणि त्यांनी खोदून विचारल्यावर सगळं बाहेर पडलं. प्रबंध लिहून झाला होता, फक्त तोंडी परीक्षा राहिली होती. व्हिसा वाढला नाही तर ती न देताच त्याला देश सोडावा लागणार होता, आणि परत जायला त्याचं गाव लढाईत उरलं नव्हतं.

चाचा त्याला घेऊन परदेशी नागरिक कक्षाच्या कचेरीकडं निघाले.

कचेरीबाहेर विश्वजीत नावाचा एजंट बसायचा. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि हसला. "चाचा, लई सोपं हाय. हा मागच्या आठवड्यातच तुमच्याकडं आला, असा भाडेकरार बनवू. कळवलं नाय म्हणून तुमचं नाव कुठं येत नाय. आतलं मी बघतो. पैसे तेवढे याला द्यायला लावा. परदेशी हाय, देईल. जातो कुठं?"

चाचा काही धुतल्या तांदळासारखे नव्हते. बदली टाळायला, नळाचं कनेक्शन लवकर मिळवायला त्यांनीही चहापाणी केलेलं. त्यामुळं हे ऐकून त्यांना आधी बरंच वाटलं. पैसे आपणच देऊ, असं ठरवूनही टाकलं. घरी येताना त्यांनी ते इद्रीसला सांगितलं, तर तो रस्त्यातच थांबला.

"चाचा, हमारे उधर हर खिडकी पे ऐसाच आदमी बैठता था. बाप की पेन्शन के लिए भी. इधर भी वोच करना, तो मैं निकला कायकू?"

चाचांना राग आला. पोटात अन्न नाही आणि तोरा बघा. पण तो राग गल्लीच्या तोंडापर्यंतच टिकला. पोराची काळजी होती हे खरं. तरी एजंटाचं बोलणं एवढं गोड लागलं ते आपलं नाव कुठं येणार नाही म्हणून, हे त्यांना मनातल्या मनात कबूल करावं लागलं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून ते इद्रीसला घेऊन कक्षात गेले. टेबलामागं दीपमाला नावाच्या पोलीस बाई होत्या.

"मॅडम, चूक माझी हाय. यानं मला सांगितलं होतं. मीच कळवलं नाय."

"का नाही कळवलं?"

"पाहुण्याची वर्दी कशी द्यायची, असं वाटलं."

दीपमालाबाईंनी मान वर केली. "चाचा, हे लिहून दिलं तर कारवाई तुमच्यावर होईल. दंड तर बसंलच, केसही होऊ शकते. नीट विचार करा."

"होऊ द्या. माझं काय बी झालं तरी मला इथून कुणी बाहेर काढत नाय. याला काढतील."

दीपमालाबाईंनी एक कोरा कागद चाचांपुढं ठेवला आणि इद्रीसला म्हणाल्या, "तू कशाला उभा? बस."

अर्ज बरेच दिवस या टेबलावरून त्या टेबलावर फिरला. तोवर इद्रीस खालीच जेवायचा आणि चाची त्याचं पान रिकामं राहू द्यायच्या नाहीत. मग एकाच आठवड्यात सगळं आलं. इद्रीसचा व्हिसा वाढला, बँकेचं खातं सुटलं आणि चाचांना दंडाची नोटीस आली. दंड मी भरणार म्हणून इद्रीस हटून बसला, तेव्हा चाचांनी त्याला दटावून अभ्यासाला पिटाळलं. स्वतः जाऊन रांगेत उभे राहिले, आणि येताना पेढे घेऊन आले.

दंड भरून पेढे आणणारा माणूस राहतचाची पहिल्यांदाच पाहत होत्या. त्यांनी एक पेढा तोंडात टाकला आणि बाकीचा पुडा वरच्या खोलीत नेऊन दिला.