पायपुसणं

टायपिंगवाल्या ताईंच्या दुकानात आलेल्या माणसाला बसायला खुर्ची मिळायची, प्यायला पाणी मिळायचं, पण त्याचा पेनड्राइव्ह आधी पायपुसण्यावर जायचा. पायपुसणं म्हणजे दाराजवळचा जुना कॉम्प्युटर. पडद्याच्या कोपऱ्यात भेग, कीबोर्डवरची निम्मी अक्षरं पुसलेली. इंटरनेट काय ते तेवढ्यावरच. रोज सकाळी ताई आधी त्याचा अँटिव्हायरस अपडेट करायच्या आणि मग केर काढायच्या. आलेला पेनड्राइव्ह तिथे तपासायचा, घाण निघाली तर काढायची, आणि हवी तेवढीच फाइल स्वतःच्या पेनड्राइव्हवर घेऊन आतल्या चांगल्या कॉम्प्युटरवर न्यायची.

एकदा एक वकीलसाहेब भडकले. "माझ्यावर विश्वास नाही का?"

"तुमच्यावर आहे हो," ताई म्हणाल्या. "हा कुठे कुठे बसून आलाय, त्याच्यावर नाही." वकिलांच्या पेनड्राइव्हमधून त्या दिवशी अकरा व्हायरस निघाले. ताईंनी आकडा मुद्दाम मोठ्याने वाचला. स्वभावाला औषध नसतं, आणि ताईंना ते नकोही होतं.

एवढं जपायला आत होतं तरी काय? अर्ज, करारनामे, लोकांचे बायोडेटा, आणि सिस्टरांचं पुस्तक. सिस्टर म्हणजे चाळीस वर्षं बाळंतपणं केलेल्या नर्सबाई. वय ऐंशी, डोळ्यांनी आता जेमतेम उजेड-अंधार कळायचा. नव्या मुलींसाठी त्या आपल्याला येत होतं ते सगळं सांगून ठेवत होत्या. रोज अकराला यायच्या, तासभर बोलायच्या, ताई टाइप करायच्या. दोन वर्षांत तीनशे पानं झाली होती आणि त्यांतलं एकही कागदावर नव्हतं. शेवटचं प्रकरण एका गुरुवारी संपलं, तेव्हा दोघींनी मिळून चहा मागवला.

शुक्रवारी दादा आला. ताईंचा थोरला भाऊ. वडील गेल्यावर ताईंना शिकवलं त्यानेच, पहिला टाइपरायटर घेऊन दिला तोही त्यानेच. नातीचे फोटो छापून हवे होते. ताईंचा हात सवयीने पायपुसण्याकडे गेला.

"म्हणजे मीही रांगेत?" दादा हसत म्हणाला, पण ते हसणं अर्ध्यातच संपलं.

ताई ओशाळल्या. "तसं नाही रे," म्हणत त्यांनी पेनड्राइव्ह सरळ आतल्या कॉम्प्युटरला लावला. 'फोटो' नावाच्या फोल्डरवर दोनदा क्लिक केलं. काही उघडलं नाही. पुन्हा केलं. तेव्हाही नाही. दादा म्हणाला, "घाई नाही, सावकाश कर," आणि पेनड्राइव्ह ठेवून निघून गेला.

दहाव्या मिनिटाला फाइलींची नावं बदलायला लागली. एकेका नावाला भलतंच शेपूट, आणि उघडायला जावं तर काही उघडेना. मग पडद्यावर पाटी आली: तुमच्या फाइलींना कुलूप लावलंय, किल्ली हवी तर पैसे भरा. ताईंनी भिंतीतला प्लगच उपटला. मग स्टुलावर बसून त्या रडल्या. लाजही वाटत होती, रागही येत होता, आणि दोन्ही स्वतःबद्दलच.

एक गोष्ट मात्र त्यांनी दोन वर्षांत चुकवली नव्हती. दर शनिवारी दुकान बंद करताना सगळ्या कामाची नक्कल एका डिस्कवर घ्यायची. सुरुवातीला ती कॉम्प्युटरला तशीच लटकत असायची. सिस्टरांनी एकदा हाताने चाचपून पाहिली आणि झापलं होतं, "उकळलेली कात्री वापरलेल्या कात्र्यांत ठेवतेस होय?" तेव्हापासून डिस्क जुन्या टाइपरायटरच्या पेटीत राहायची.

शनिवारी दुरुस्तीवाल्याने आतला कॉम्प्युटर पार पुसून नव्याने मांडला. मग डिस्क लावली. ताईंना पडद्याकडे बघवेना. "आहे हो पुस्तक," तो म्हणाला, "मागच्या शनिवारपर्यंतचं." ताईंच्या जिवात जीव आला. मग लक्षात आलं, शेवटचं प्रकरण तर सोमवार ते गुरुवार झालं होतं.

सोमवारी अकराला सिस्टर आल्या. ताईंनी काही न लपवता सांगितलं.

"पेनड्राइव्ह कोणाचा होता?"

"दादाचा. त्याला कसं अडवणार?"

सिस्टर चाचपत आपल्या खुर्चीवर बसल्या. मग म्हणाल्या, "गेलं ते बरंच झालं. त्यात मी एक गाळलं होतं. घे, टाइप कर."

आणि त्यांनी सांगितलं. प्रसूतीच्या खोलीत हात धुतल्याशिवाय त्या कोणाला येऊ देत नसत. एकदा मोठे डॉक्टर घाईने तसेच आत आले. सिस्टरांना काम शिकवलं होतं त्यांनीच. त्यांना कोण टोकणार? सिस्टर बाजूला झाल्या. त्या बाळंतिणीला पुढे नऊ दिवस ताप होता. वाचली, बाळही धडधाकट. पण ते नऊ दिवस सिस्टर घरी गेल्या नाहीत.

"हे लिहू?" ताईंनी विचारलं.

"पहिल्या ओळीत लिही. चाळीस वर्षं दारात उभी राहिले, आणि चुकले ती आदरापोटी."

हे प्रकरण आधीच्यापेक्षा चार पानांनी मोठं झालं. सिस्टर खुशीत होत्या. पुढच्या शुक्रवारी शेवटची ओळ टाइप होत असतानाच दादा दारात उभा राहिला.

"झाले का माझे फोटो?"

ताईंनी त्याचा पेनड्राइव्ह त्याच्या हातात ठेवला आणि घडलं ते सगळं सांगितलं. दादाचा चेहरा पडला.

"मग तेव्हाच का नाही अडवलंस मला? मी काय परका आहे?"

"परक्यांना मी कधी तसंच आत सोडलेलं नाही, दादा," ताई म्हणाल्या.

दादा दाराजवळची खुर्ची ओढून पायपुसण्यासमोर बसला, चष्मा लावला आणि म्हणाला, "दाखव, कुठे लावायचा असतो."