बारावा गुलाब

“माणसाला विचारलंस का?” रुथबाई तुस्कानोंच्या तोंडी सदा हेच. सूपमध्ये मीठ कमी पडलं, की मला, “माणसाला विचारलंस का?” कुणी एखाद्या आजोबांच्या खिडकीचा पडदा ओढला, की त्यालाही तेच.

सातासमुद्रापार, नॉर्थ यॉर्कच्या त्या वृद्धाश्रमात मी स्वयंपाकी, आणि रुथबाई तिसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यांची देखभाल करायच्या. वसईची बाई. बापाची फुलांची वाडी. दवात भिजलेला चाफा खुडत वाढलेले ते हात इथल्या थंडीनं फुटले, पण त्यांतला हळुवारपणा गेला नाही.

प्रागच्या बोझेनाआजीचं आठ वर्षं त्यांनी सगळं केलं, आणि आजीनं त्यांना आपला मुलूख शिकवला. लिफ्टमध्ये शिरलं की अनोळख्यालाही नमस्कार म्हणायचं. पेल्याला पेला लावताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं. ट्राममध्ये म्हातारं माणूस चढलं की तरण्यानं न सांगता उठायचं. घरात शिरताना जोडे दारात. आणि जिवंत माणसाला फुलं द्यायची ती विषम. सम फुलं मढ्यावर.

“जोडे आम्हीपण काढतो गो,” रुथबाई हसायच्या, “तू आमच्याच गावची!”

गेल्या फेब्रुवारीत आजीला नव्वद वर्षं पुरी झाली. मॅनेजर गौरांगी, आपल्याच ठाण्याची पोर, डझनभर गुलाब घेऊन आली. मागून मी केकची गाडी ढकलत. आजीनं बोटानं गुलाब मोजले. बारा. तिचा चेहरा उतरला. डॉक्टर काहीतरी बोलले असतील, आपल्यापासून लपवलं असेल, असं तिला वाटलं.

रुथबाईंनी पुढं होऊन एक गुलाब काढला, ॲप्रनच्या खिशात खोवला.

“अकरा. मोज बघू परत.”

आजीनं मोजले. श्वास सोडला. गोष्ट तिथंच संपायला हवी होती.

दुपारी गौरांगीनं रुथबाईंना त्याच मजल्यावरच्या जेवणघरात बोलावलं, सगळ्यांच्या देखत.

“आंटी, रेसिडेंटच्या गिफ्टमधलं फूल तुम्ही खिशात घातलं. इट्स थेफ्ट. ही अपॉलॉजी साइन करा, नाहीतर जॉब जाईल.”

“चोरी? अगो, फुलांच्या वाडीत जन्मले मी!”

“पॉलिसी इज पॉलिसी.”

“माणसाला विचारलंस का? तीन दारं पलीकडे बसलीय ती.”

“तिला काय विचारायचं? शी इज नाइन्टी!”

माझ्या हातातला डाव पातेल्यावर आदळला. नव्वदीच्या माणसाला जीभ नसते? जिच्यासाठी केक कापला, तिचाच शब्द नको?

“मी होतो तिथं. मला विचारा,” मी म्हणालो.

“तुम्ही किचन बघा.”

रुथबाईंच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. त्यांनी कागद शेवटपर्यंत वाचला, सावकाश. मग पेन टेबलावर ठेवलं.

“आठ वर्षं तिला अंघोळ घातली मी. चोर म्हणून सही नाही करणार.”

कर्मचाऱ्यांचं दार मागं होतं. रुथबाई पुढच्या दारानं निघाल्या. कोटाच्या काजात तो गुलाब. लिफ्टमध्ये उभ्या असलेल्या परक्या माणसाला त्यांनी नमस्कार म्हटलं, तो गोंधळला.

मी मागोमाग तसाच, बिनकोटाचा, बाहेरच्या पायरीवर आलो. वर पाहिलं. तिसऱ्या मजल्यावर बोझेनाआजी काचेला कपाळ टेकून उभी होती. बर्फ तुडवत रुथबाई बस-स्टॉपकडे चालल्या होत्या, ताठ, एकदाही वळून न बघता. आम्ही दोघं त्या लाल ठिपक्याकडे बघत राहिलो.